हॅलोविनच्या पार्टीला भुताटकी अंडी: कोळी, डोळा, तडकलेलं की रंगवलेलं, कुठलं करायचं?

हॅलोविनच्या पार्टीत गोडाचा नुसता मारा असतो, कुकीज, कपकेक, चॉकलेटं, कँडी, आणि तासाभरात सगळ्यांना काहीतरी खारट-तिखट हवंच होतं. तिथे उकडलेल्या अंड्यासारखं दुसरं काही नाही. आधीच पांढरं, गोल, गुळगुळीत, अर्धं कापलं की मधे पिवळा बलक, म्हणजे डोळ्याचा आकार तर आयताच मिळतो. प्रश्न एवढाच की फोटोंमधे शंभर प्रकार दिसतात आणि त्यातला नक्की कुठला आपल्याला झेपेल ते कळत नाही. म्हणून चार मुख्य प्रकार समोरासमोर ठेवते: कोळी, डोळा, तडकलेलं जाळीचं अंडं आणि भाजीच्या रसात रंगवलेलं अंडं. माझं मत आधीच सांगून टाकते, कुठलं जास्त भीतीदायक दिसतं यावर ठरवू नका, पाहुणे यायच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात तुमचे हात रिकामे असणार आहेत का यावर ठरवा. चारही प्रकारांत खरा फरक तिथेच पडतो.

कुठलाही प्रकार करा, अंडं नीट सोललं गेलं पाहिजे, कारण खड्डे पडलेल्या अंड्यावर कोळीही बसत नाही आणि डोळाही होत नाही. अगदी ताजी अंडी या कामाला घेऊ नका. अंडं जसं जुनं होतं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून हळूहळू बाहेर जातो, पांढरा भाग जास्त अल्कलाइन (आम्लाच्या उलट) होतो आणि आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतो, त्यामुळे आठवडाभर फ्रीजमधे राहिलेली अंडी बरी. थंड पाण्यात घालून तापवत बसण्यापेक्षा उकळत्या पाण्यात चमच्याने अलगद सोडा, आच कमी करा, ११-१२ मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. जास्त उकडलं तर बलकाभोवती हिरवट-करडी कड येते, पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती तयार होते. हॅलोविन आहे तर हिरवं चालेल की, असं कुणाला वाटेल, पण तसं अंडं कोरडं लागतं आणि वासही येतो, हिरवा रंग हवा असेल तर तो दुसऱ्या रस्त्याने आणा. आणि हो, बलक बरोब्बर मधे हवा असेल (डोळ्यासाठी तर हवाच) तर उकडताना पहिली दोन-तीन मिनिटं अंडी पाण्यात हळू हळू फिरवत राहा.

आता कोळी. हा सगळ्यात जास्त केला जाणारा प्रकार आणि त्याला कारण आहे, तो फसत नाही. अंडी अर्धी कापायची, बलक काढून मेयोनीज, मस्टर्ड, थोडं व्हिनेगर, मिरपूड घालून गुळगुळीत करायचा, परत भरायचा आणि वर काळ्या ऑलिव्हचा कोळी. १२ अंड्यांना साधारण अर्धा कप मेयो आणि दोन छोटे चमचे मस्टर्ड, मेयो एकदम सगळं ओतू नका, थोडं थोडं घाला, सारण चमच्यातून पडता कामा नये, नाहीतर कोळी बुडतो. एका ऑलिव्हचे उभे दोन भाग करा, एक भाग म्हणजे कोळ्याचं अंग, दुसऱ्या भागाचे बारीक पट्टे कापले की पाय, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. म्हणजे २४ अर्ध्या भागांना २४ ऑलिव्ह धरा आणि वर चार-पाच जास्तीचे, कारण पाय कापताना तुटतात. ऑलिव्ह डब्यातले, बिया काढलेले, एकसारखे काळेभोर असतात ते घ्या, ते घट्ट असतात आणि पाय कमानीसारखे छान वाकतात. कालामाता वगैरे दुसऱ्या जातीचे ऑलिव्ह चवीला कितीतरी सरस, पण ते जांभळट आणि मऊ, त्याचे पाय सारणावर लोळतात.

कोळ्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे ऑलिव्हचं पाणी. डब्यातून काढून तसेच ठेवले तर अर्ध्या तासात पिवळ्या सारणावर राखाडी डाग उतरतात. कापल्यावर पट्टे किचन पेपरवर पसरा, वरून दुसऱ्या पेपरने दाबा, मगच लावा. आणि ऑलिव्ह खारट असतात तेव्हा सारणात मीठ हात राखून घाला. कोळ्याचा मोठा फायदा असा की वेळ विभागता येते, अंडी आदल्या दिवशी उकडून सोलून फ्रीजमधे, सारण पिशवीत भरून फ्रीजमधे, ऑलिव्ह कापून डबीत, आणि पार्टीच्या तासभर आधी फक्त जुळवायचं. पाय लावायचं काम किचकट आहे पण अवघड नाही, आठ-दहा वर्षांची मुलं ते अगदी मन लावून करतात, चिमटा द्या हातात. अगदी लहान मुलं खाणार असतील तर अंगाचा अर्धा भागही अजून कापून द्या, अख्खे गोल ऑलिव्ह त्यांच्या ताटात नकोतच.

डोळा मात्र वेगळा. दिसायला चौघांत सर्वांत अंगावर येणारा हाच, एका ट्रेवर वीस डोळे वर बघत असले की माणूस खरंच दचकतो. अर्ध्या अंड्यात सारण भरून वरून सपाट करायचं, त्यावर लाल मिरचीचं सारण भरलेल्या हिरव्या ऑलिव्हची चकती, मधला लाल भाग म्हणजे बाहुली, आणि पांढऱ्या कडेवर टूथपिकने लाल शिरा. इथपर्यंत सोपं वाटतं. पण उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ओलसर असतो आणि त्यावर ओढलेली रेघ पसरते. बीटचा रस तर हमखास पसरतो, पंधरा मिनिटांत शिरेची गुलाबी छटा होते आणि डोळा रक्ताळलेला दिसायच्या ऐवजी गोड दिसायला लागतो. केचप जरा बरा, घट्ट चिली सॉस अजून बरा, सगळ्यात चांगला म्हणजे लाल जेल कलर (केकला वापरतात तो खायचा घट्ट रंग) आणि अगदी बारीक ब्रश, तोही पांढरा भाग पेपरने टिपून कोरडा केल्यावर. शिरा बाहेरच्या कडेपासून आत ओढायच्या, सुरुवातीला जाड, आत येता येता बारीक, मधे एखादा फाटा, सगळ्या सारख्या लांबीच्या केल्या की सूर्य काढल्यासारखा दिसतो. हे सगळं वाढायच्या १०-१५ मिनिटं आधी करायचं काम आहे, म्हणजे बरोब्बर तेव्हा जेव्हा दारावर बेल वाजत असते. घरात दुसरं कुणी पाहुण्यांना बघणारं असेल आणि दहा-बारा डोळेच करायचे असतील तर जरूर करा, चाळीस माणसांसाठी एकट्याने नको.

माझा सगळ्यात आवडता प्रकार तडकलेलं अंडं. चिनी चहा-अंड्याची ही जुनी पद्धत, उकडलेलं अंडं कवचासकट चमच्याच्या पाठीने सगळीकडून ठोकायचं, सोलायचं नाही, आणि गडद पाण्यात बुडवून रात्रभर फ्रीजमधे ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कवच काढलं की पांढऱ्यावर काळ्या रेघांचं जाळं उमटलेलं असतं, कोळ्याचं म्हणा, जुनाट संगमरवराचं म्हणा, आणि कुठलीही दोन अंडी सारखी नाहीत. चित्रकला येत नसेल तरी चालतं, तडेच काम करतात. पाण्यासाठी दोन रस्ते. कडक काळा चहा, सोया सॉस, मीठ घातलं तर रेघा तपकिरी येतात आणि अंड्याला आतपर्यंत चव लागते. काळा जेल कलर घातला तर रेघा गडद येतात पण चव काही नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही एकत्र करा, चहा-सोयाचं पाणी आणि त्यात वरून थोडा काळा रंग. पाणी दिसायला शाईसारखं गडद झालं पाहिजे, फिकं असेल तर जाळंही फिकंच येणार.

ठोकणं हीच यातली कला. फार हळू ठोकलं तर दोन-चार रेघाच येतात, फार जोरात ठोकलं तर कवचाखालचा पापुद्रा फाटतो आणि तिथे जाळ्याऐवजी काळा डाग पडतो. टोकापासून सुरू करा, अंडं बोटांत फिरवत राहा, चर्र असा बारीक आवाज आला की पुढे सरका. कवचाचा तुकडा निघून आला तर ते अंडं बाजूला ठेवून कोळ्यासाठी वापरा, वाया काहीच जात नाही.

यात एक अडचण आहे आणि ठरवण्याआधी ती माहीत हवी. जाळं अंड्याच्या बाहेरून असतं. नेहमीसारखं उभं कापून, भरून, ट्रेवर ठेवलं की जाळं खाली जातं आणि वरून साधंच अंडं दिसतं, सगळी मेहनत ट्रेला चिकटलेली. म्हणून हे अंडं उभंच ठेवायचं. रुंद टोकाकडून अगदी पातळ चकती काढा म्हणजे ते डगमगत नाही, वरून एक तृतीयांश भाग टोपीसारखा कापा, बलक छोट्या चमच्याने काढा, सारण करून परत भरा, जरा वर येईल इतकं, आणि टोपी तिरकी ठेवा. आतून काहीतरी बाहेर येतंय असं ते दिसतं, आणि त्या फटीत ऑलिव्हचे दोन-चार पाय खोचले तर विचारूच नका. सारण हिरवं हवं असेल तर वाफवून घट्ट पिळलेला पालक वाटून घाला, रंग टिकतो. अवाकाडोची चव फार सुंदर लागते पण तो तासाभरात तपकिरी पडायला लागतो, लिंबू पिळून थोडा वेळ मिळतो इतकंच, वरून प्लास्टिक रॅप सारणाला चिकटवून ठेवला तर अजून थोडा.

रंगवलेली अंडी म्हणजे सोललेलं अंडं रसात बुडवणं, यात करायला काहीच नाही, फक्त वाट बघायची. बीटचा रस, व्हिनेगर, थोडी साखर, मीठ, त्यात काही तास ठेवलं तर कडेला गुलाबी, रात्रभर ठेवलं तर रंग खोल जातो आणि कापल्यावर आतून जांभळट-गुलाबी कडं दिसतं. चव चटकदार असते. पण खरं सांगायचं तर ते भुताटकी कमी आणि सुंदर जास्त दिसतं, वर काळे तीळ टाका, काळा कोळी बसवा, तेव्हा कुठे वातावरण जमतं. भुताचा रंग हवा असेल तर जांभळा कोबी घ्या. कोबी चिरून अर्धा तास उकळा, गाळा, पाणी गार करा आणि व्हिनेगर न घालता अंडी बुडवा. अंड्याचा पांढरा भाग अल्कलाइन असल्यामुळे जांभळा रंग बदलून निळसर-हिरवट होतो, अगदी मेलेल्या कातडीसारखा, आणि तोही खायच्या रंगाची बाटली न उघडता. मुलांना हे घडताना दाखवा, फार मजा येते त्यांना.

एक गोष्ट मात्र या प्रकारात कळकळीने सांगते, व्हिनेगर आहे म्हणून बरणी बाहेर ठेवू नका. १९९७ मधे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात घरी केलेल्या लोणच्याच्या अंड्यांमुळे बॉट्युलिझम (जिवाणूंच्या विषामुळे होणारी गंभीर विषबाधा) झाल्याची नोंद आहे, त्या बरणीतही बीट आणि व्हिनेगरच होतं, अंड्यांना टूथपिकने टोचलेलं होतं आणि बरणी बाहेर सामान्य तापमानाला ठेवलेली होती. तेव्हा रस आत मुरावा म्हणून अंडं टोचायचं नाही आणि ते कायम फ्रीजमधेच ठेवायचं.

मग कुठलं? पहिल्यांदा करत असाल आणि माणसं जास्त असतील तर कोळी. पार्टी दुसऱ्याच्या घरी आहे आणि डबा घेऊन जायचाय तर तडकलेली अंडी, अख्खीच न्या, कापणं आणि भरणं तिथे जाऊन, कारण गाडीत पहिला गचका बसला की कोळ्यांचे पाय पिवळ्या सारणात रुततात. आदल्या दिवशीच सगळं उरकून मोकळं व्हायचं असेल तर बीट किंवा कोबी. डोळा फक्त छोट्या पार्टीला, हाताशी मदत असेल तेव्हा. आणि दोन प्रकार करणार असाल तर तडकलेली आणि कोळी ही जोडी घ्या, सारण एकच लागतं, एक उभं आणि एक आडवं असल्यामुळे ट्रेही भरलेला दिसतो, आणि ठोकताना बिघडलेली अंडी आपोआप कोळ्यांकडे जातात. माणशी दोन-तीन अर्धे तुकडे धरा, बाकी खायला भरपूर असेल तर दोन पुरे.

ट्रे एकदम सगळा बाहेर मांडू नका. भरलेली अंडी बाहेर दोन तासांच्या वर राहता कामा नयेत, खोली खूप गरम असेल तर एक तासच, म्हणून अर्धी फ्रीजमधे ठेवून नंतर काढा, किंवा मोठ्या ट्रेमधे बर्फ पसरून त्यावर छोटा ट्रे ठेवा. आणि अंडी किंवा मोहरीची अ‍ॅलर्जी असणारं कुणी येतंय का ते आधी विचारून घ्या, सारणातलं मस्टर्ड वरून कुणाला दिसत नाही.