पीएच-ईसी पेन, साठ डॉलरचा, आठ महिने वापरून

आधीच सांगतो, मी कॅनडात ओंटारिओत राहतो, इथे २०१८ पासून गांजाची घरटी चार झाडं लावता येतात (माणशी नाही, घरटी), भारतातल्यांनी प्रेरणा घेऊ नये 😀

पेन म्हणजे पेनाएवढा मीटर, पीएच (आम्लता) आणि ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा. घेतला कारण मागच्या सीझनला एकाच बियाण्यातलं एक झाड जोमात आणि बाकी तीन पिवळी, नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या. मी लगेच जोमातल्याचं कटिंग काढलं, पुढे क्रॉस (संकर) ह्याच्यावरच करायचा असं ठरवूनही टाकलं. मग पेन आला, कुंड्या तपासल्या तर त्या झाडाच्या मातीचा पीएच ६.४ आणि बाकीच्या तीन ७.६ च्या पुढे, कारण त्यात गेल्या वर्षीचीच माती आणि वर नळाचं जड पाणी, एवढ्या पीएचला लोह मातीत असून मुळांना मिळत नाही. म्हणजे जीन्स वगैरे काही नाही, कुंडी चांगली होती! ब्रीडिंग करणाऱ्यांनी निदान ह्यासाठी तरी मीटर घ्या.

ईसीचा भाग एकदम झकास. १.४ ईसीचं खतपाणी देत होतो आणि एका कुंडीखालून निघणारं पाणी ३.८ दाखवत होतं, म्हणजे कुंडीत क्षार साचलेले, पानांची टोकं का जळतायत ते तेव्हा कळलं. आमच्या शिरोळकडे उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारवल्यात, वर पांढरं मीठ फुटतं, बाबा नुसतं पान बघून सांगायचे, मला साठ डॉलर लागले. साधं पाणी भरपूर सोडून धुऊन काढलं.

आता तक्रारी. पेन थेट मातीत खुपसून चालत नाही, एक भाग माती दोन भाग डिस्टिल्ड पाणी कालवून अर्धा तास थांबायचं, हे माहितीपत्रकात नाही. पीपीएम (ईसीलाच ५०० किंवा ७०० ने गुणून काढलेला आकडा) बघूच नका, हा पेन ५०० च्या स्केलवर आणि माझ्या खताचा चार्ट ७०० च्या, म्हणजे तोच १.४ इकडे ७०० तिकडे ९८०. आणि पीएचचा काचेचा बल्ब स्टोरेज सोल्युशनमध्येच ठेवायचा, मी शहाण्यासारखा डिस्टिल्ड पाण्यात ठेवला, महिन्याभरात रीडिंग भरकटायला लागलं, कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं तेही "कॅलिब्रेट करा". आता दर रविवारी ७ आणि ४ च्या बफरला (पीएच ठरलेलं द्रावण) लावून कॅलिब्रेट करतो. सोबतची बफरची पावडर एकदाच पुरते, बाटल्या वेगळ्या घ्या.

ईसीला साडेचार स्टार, पीएचला तीन. ते कटिंग अजून आहे, चारात तेही मोजतो, यंदा सगळ्या कुंड्या एकाच मातीने भरल्यात, बघू.