चार फुटांची गोदी : अकरा महिने चालवल्यानंतर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मॉडेल रेल्वेचा पहिला रूळ बसवला. त्याला आता अकरा महिने झाले, मधे अख्खा पावसाळा गेला. नव्याकोऱ्या मॉडेल रेल्वेचे फोटो भरपूर पाहायला मिळतात, पण ती पावसाळ्यानंतरही चालते का, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा अनुभव.

आमचं घर मुलुंडला, दोन खोल्या आणि हॉल. लेकीला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवून आणल्यावर तिला घरी गाडी हवी झाली आणि खरं सांगायचं तर मलाही. पण गोल फिरणाऱ्या गाडीचं गणित घरात बसेना. ओओ मापाच्या (खऱ्या गाडीच्या १:७६) तयार संचांमधल्या नेहमीच्या वळणाची त्रिज्याच ४३८ मिमी असते. म्हणजे गाडी वळून परत यायला जवळजवळ मीटरभर रुंद फळी हवी. ती ठेवायची कुठे?

गोदी सुचवली अप्पांनी. माझे वडील तीस वर्षं बीपीटीत, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये, टॅली क्लार्क (मालाची मोजदाद ठेवणारे) होते. बीपीटीची स्वतःची रेल्वे होती, १९१५ साली सुरू झालेली, बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत. अप्पा म्हणाले, "गोदीतली गाडी लांब जातच नाही गं. चार वाघिणी पुढे, दोन मागे, दिवसभर तेवढंच." (वाघिणी म्हणजे मालगाडीचे डबे.) चार फुटांत जी खरं काम करू शकते, अशी रेल्वे गोदीतच सापडते, हे मला त्या वाक्यानं पटलं. काळ १९६०च्या दशकाचा धरला. जागा तेव्हाच्या अलेक्झांड्रा, म्हणजे आताच्या इंदिरा गोदीसारखी. हुबेहूब नव्हे.

फळी १२०० मिमी लांब, ३०० मिमी रुंद. रुळांची आखणी इंग्लंडच्या अॅलन राइट यांच्या ‘इंगलनूक सायडिंग्ज’ची. दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा), तीन फाटे : एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन, आणि इंजिनाच्या बाजूला इंजिन अधिक तीन वाघिणी एवढीच जागा. माझी एक वाघीण जोडणीसकट ९ सेंमी भरते. पाच वाघिणींचे ४५ सेंमी, १८.५ सेंमीचे दोन सांधे, इंजिनाच्या बाजूचे ३८ सेंमी, मिळून बरोबर १२० सेंमी. ही बेरीज आधी कागदावर करा. माझा पहिला आराखडा दोन सेंमीनं चुकला होता. इंजिन सांध्यावरच उभं राहत होतं आणि सांधा बदलता येत नव्हता.

आता ज्यावर सर्वांत जास्त वेळ गेला ते, म्हणजे फरसबंदी. आधी मी रीतसर खडी पसरली होती. चहाच्या गाळणीतून चाळलेली बारीक खडी, पातळ फेविकॉल, ड्रॉपर, सगळं नीट. अप्पांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "अगं, धक्क्यावर खडी कुठली? हातगाडी कशी जाईल मग?" बरोबरच होतं. धक्क्यावरचे रूळ जमिनीत गाडलेले असतात, वर दगडी फरसबंदी, म्हणजे त्यावरून लॉऱ्या आणि हातगाड्या आडव्या जाऊ शकतात. दोन रविवार खपून ती खडी खरवडली.

फरसबंदीसाठी पहिल्यांदा प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. दिसायला छान, पण तीन आठवड्यांत रुळांच्या कडेनं भेगा पडल्या आणि पांढरी भुकटी चाकांना चिकटली. ते काढून २ मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा) कापून बसवला आणि वापराल तर हाच वापरा, असं मी सांगेन. माझे रूळ कोड १००चे, म्हणजे २.५४ मिमी उंच. त्यामुळे सनबोर्ड रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिमी खाली राहतो आणि रूळ पुसताना रंग खरवडला जात नाही. रुळाच्या आतल्या बाजूला चाकाच्या कडेसाठी दीड मिमीची फट सोडायची. रिकाम्या झालेल्या बॉलपेननं दगडांच्या रेघा दाबून काढल्या, मग करडा रंग, वर काळपट पाण्याचा हात. सांध्याच्या हलत्या जिभांपाशी मात्र काहीच भरू नका. तिथे नुसता रंग पुरतो.

या फरसबंदीचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. १:७६ मापात तो २२ मिमी हवा, पण बाजारात मिळणारा ओओ रूळ १६.५ मिमीचाच. उघड्या स्लीपरांवर तो अरुंदपणा लगेच डोळ्यांत भरतो. रूळ फरशीत गाडले की नजरेला मोजायला स्लीपरच उरत नाहीत. भारतीय गाडी मांडायची असेल आणि रूळ हातानं बनवायची तयारी नसेल, तर गोदी निवडायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

इंजिन छोटं, चार चाकांचं, पाण्याची टाकी अंगावरच असलेलं. बीपीटीच्या कुठल्याही इंजिनाची ती प्रतिकृती नाही, तशी तयार मला मिळाली नाही. दिसायला गोड आहे, पण पहिले दोन महिने त्यानं फार छळलं. सांध्याच्या मधला फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लास्टिकचा होता, तिथे वीज नसते. इंजिनाच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर एवढं कमी की हळू नेलं की नेमकं तिथेच थांबायचं. दर वेळी बोटानं ढकलायचं आणि खेळाची मजाच जायची. शेवटी दोन्ही सांधे काढून धातूच्या फ्रॉगचे बसवले. सांधा ओढायला साधा स्लाइड स्विच वापरला. त्याच्या दांडीला तार जोडली की सांधाही सरकतो आणि फ्रॉगची वीजही त्याच वेळी बदलते. हा स्विच कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, महागड्या मोटरची गरज नाही. त्यानंतर इंजिन सेकंदाला जेमतेम दोन सेंमी एवढ्या संथ चालीनं जातं. शंटिंगला, म्हणजे वाघिणी पुढे-मागे लावायला, वेग नकोच असतो. कंट्रोलर साधा १२ व्होल्ट डीसीचा आहे. एकच इंजिन असेल तर डिजिटल कंट्रोलवर पैसे घालवू नका.

वाघिणींचे सांगाडे आयते, वरची खोकी कार्डाची, मी आणि लेकीनं कापलेली. हलक्या वाघिणी ढकलताना रुळावरून उतरतात, म्हणून दर आसाला (चाकांच्या जोडीमधल्या दांड्याला) २५ ग्रॅम धरून आत नटबोल्टचे वॉशर चिकटवले. जोडणीला केडी (Kadee) कंपनीच्या हूकसारख्या कपलिंग घेतल्या. त्या रुळाखालच्या चुंबकानं आपोआप सुटतात, पण माझ्या वाघिणींचे आस लोखंडी, त्यामुळे चुंबक जोडणीबरोबर आसही ओढायचा आणि उभी वाघीण आपोआप सरकायची. चुंबक काढून टाकले. आता जळून गेलेल्या उदबत्तीची काडी दोन हुकांच्या मधे घालून हलकी फिरवली की जोडणी सुटते. मला तर हेच जास्त आवडतं. शंटरही शेवटी हातानंच जोडणी सोडायचा.

पाण्याची कथा थोडक्यात. जुलैत रेझिन ओतलं, ते दमट हवेत नीट वाळलंच नाही, वरचा थर आठवडाभर चिकट राहिला. उचकटून फळीवर गढूळ हिरवट-तपकिरी रंग दिला आणि वर चकचकीत वॉर्निशचे पाच हात. मुंबईच्या बंदरात निळं पाणी नसतं, तेव्हा निळ्या रंगाला हातही लावू नका. धक्क्याच्या भिंतीवर शेवाळाचा पट्टाही फार खालपर्यंत नेला नाही, कारण लॉकच्या, म्हणजे गोदीच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या, दरवाजामुळे गोदीतलं पाणी ओहोटीला बाहेरच्या समुद्राइतकं उतरत नाही. शंभर मीटरचं जहाज या मापात सव्वा मीटरहून लांब होतं, माझ्या फळीपेक्षा मोठं. म्हणून २० सेंमीचा एक बार्ज (माल नेणारा सपाट तराफा) धक्क्याला बांधून ठेवलाय.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. फळी मरीन प्लायची होती म्हणून वाकली नाही. खालच्या पट्ट्या मात्र साध्या लाकडाच्या होत्या, त्यातली एक फुगली आणि तिच्यावरचा रुळांचा जोड अर्धा मिमी उचलला गेला. ती बदलली. रूळ दर चार दिवसांनी काळे पडत होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्यानं पुसले की पुरतं. पॉलिश पेपर चुकूनही लावू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ साचतो. चाकं पुसायची तर रुळावर ओला टिश्यू ठेवून त्यावरून इंजिन फिरवायचं. आता कोरड्या हवेत पंधरा दिवसांतून एकदा पुसते.

खर्च सगळा मिळून सत्तावीस हजारांच्या आसपास गेला, त्यातला जवळपास निम्मा इंजिनाचा. काढून टाकलेले सांधे आणि रेझिनही त्यातच धरलेत.

रोज चालते का? रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी नक्की. आमचा खेळ असा : आठ वाघिणी, आठ चिठ्ठ्या. लेक त्यातल्या पाच उचलते आणि त्याच क्रमानं पाच वाघिणींची गाडी लावून द्यायची. असे क्रम ६७२० होतात, त्यामुळे तोच खेळ पुन्हा आल्यासारखं वाटत नाही. कापसाच्या वाघिणी दोन. गाठींवर खऱ्या गोणपाटाचे तुकडे लावलेत, कारण अप्पांना कॉटन ग्रीनच्या गाठी तशाच आठवतात. बाकी धान्य, चहाची खोकी, सिमेंट. कधी सात मिनिटांत जमतं, कधी वीस लागतात. गोल फिरणारी गाडी मी आठवड्यात कपाटात टाकली असती.

एक मोठी चूक अजून तशीच आहे. क्रेन धक्क्याच्या अगदी कडेला घेतली, त्यामुळे तिच्यामागच्या फाट्यावर काडी घालायला हात नीट पोचत नाही आणि तिचा हूक दोनदा तुटला. दसऱ्याच्या सुट्टीत ती डावीकडे सरकवणार आहे. तुम्ही बांधत असाल तर इमारती चिकटवण्याआधी महिनाभर नुसत्या ठेवून गाडी चालवा.

अप्पांनी लाल पाठीची एक वही केलीय. गाडी लागली की ते वाघिणी बोटानं मोजतात आणि तारीख घालून लिहितात, जसं गोदीत लिहायचे. कालची नोंद : कापूस, कापूस, चहा, धान्य, सिमेंट. १४ मिनिटं. एक गाठ खाली पडली, उचलून परत ठेवली. खाली त्यांची सही, तिच्या शेजारी लेकीची.