बोअरच्या जागेचा मशीन सर्व्हे: पैसे देण्याआधी भरवसा कशावर ठेवताय ते बघा

मराठवाड्यात बोअरची जागा दाखवायला दोन प्रकारची माणसं येतात. एक नारळ किंवा बेचकी घेऊन, दुसरा बॅटरी, तारा आणि सळ्या घेऊन. दुसऱ्याला बोलावणारे सांगतात, आमचा श्रद्धेवर नाही, बुद्धीवर भरवसा. हे परीक्षण त्या दुसऱ्या सेवेचं आहे. आमचं मत: सेवा घेण्यासारखी आहे, पाचपैकी साडेतीन. पण तिच्या मुळाशीही श्रद्धाच आहे, आणि ती नेमकी कुठे बसलीय हे ओळखलं नाही तर मशीन आणि नारळ सारखेच.

पहिली गोष्ट, यंत्र पाणी दाखवत नाही. एका रेषेत चार सळ्या ठोकतात. बाहेरच्या दोघींतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोघींमधलं विभवांतर, म्हणजे व्होल्टेजचा फरक, मोजायचा. बाहेरच्या सळ्या लांब सरकवल्या की वीज अधिक खोल उतरते. हाती येते ती फक्त रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, ओहम-मीटरमध्ये. आपल्या बेसॉल्टमध्ये ढोबळमानाने 20 ते 40 म्हणजे मुरूम, 40 ते 70 म्हणजे भेगाळ किंवा मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक, 70 पेक्षा जास्त म्हणजे काळा पाषाण. 'इथे पाणी आहे' हे त्यापुढचं वाक्य अनुमान आहे, धूर बघून आग म्हणावी तसं. आणि हा धूर फसवतो. लाव्हाच्या दोन थरांमधला लाल गेरूसुद्धा आकडा खाली आणतो, कारण त्यात चिकणमाती असते. ती ओल धरते, पाणी सोडत नाही. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, अशा फसव्या खुणेला सव्यभिचार हेतू म्हणतात. फेल गेलेल्या कित्येक 'शास्त्रीय' बोअरचं कारण तिथेच सापडतं.

दुसरी गोष्ट, गणित थर आडवे आहेत असं धरूनच चालतं. शिवाय मोजमापांच्या एकाच आलेखाला दोन उत्तरं बसतात: पातळ थर आणि खूप कमी रोधकता, किंवा जाड थर आणि थोडी जास्त. त्यातलं एक निवडायचं तर शेजारच्या विहिरीचे थर बघावे लागतात, म्हणजे तिथे होतं तसंच इथे असेल असं मानावं लागतं. हे मानणं तर्काने सिद्ध होत नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 18व्या शतकात हेच दाखवलं, आणि प्रत्यक्षच मानणाऱ्या चार्वाकांनी त्याच्या कितीतरी आधी अनुमानाच्या व्याप्तीवर, म्हणजे 'जिथे धूर तिथे आग' या नियमावर, हाच घाव घातला होता. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचं, उत्तर आम्हाला आजही पटतं: ज्ञान खरं की खोटं हे त्यावरून केलेल्या कृतीच्या फळावरून ठरतं. त्यांचं नेहमीचं उदाहरणही पाण्याचंच. लांबून पाणी दिसलं, गेलो, तहान भागली तर ज्ञान खरं, नाहीतर मृगजळ. मीमांसक, म्हणजे वेदांचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ, मात्र विचारतात, त्या तपासणीवर तरी विश्वास कशावरून? म्हणून सुरुवात विश्वासानेच होते. बुद्धीवरची श्रद्धा वेगळी ठरते ती इतक्यावरच, की आपण कुठे चुकलो म्हणायचं हे ती आधी सांगून ठेवते.

नारळवाला ते सांगत नाही. ओलसर मुरमाच्या पट्ट्यात कुठेही बोट ठेवलं तरी थोडं पाणी लागतंच, आणि फेल गेला तर मुहूर्त किंवा जागा चार फूट हलली हे कारण तयार असतं. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये धान्याच्या कोठारात निवडक 43 पाणाड्यांच्या 843 चाचण्या झाल्या. खाली पाण्याचा पाइप सरकवायचा, वर त्यांनी जागा सांगायची. प्रयोग करणाऱ्यांना काही जणांत गुण दिसला, पण नंतरच्या तपासणीत निकाल निव्वळ योगायोगाच्या पलीकडे गेले नाहीत.

आता मशीनवाल्याला काय विचारायचं. 600 फुटांवरचं पाणी सांगत असेल तर तार किती पसरली ते बघा. 600 फूट म्हणजे 183 मीटर, आणि बाहेरच्या सळ्यांमधलं अंतर 200 मीटर असेल तर अंदाज मध्यापासूनच्या 100 मीटरच्याही आतलाच धरावा. शेत तेवढं लांब नसेल तर तो आकडा कागदावरचा. लोखंडी पाइपलाइन, तारेचं कुंपण, वरून गेलेली विजेची लाइन यांच्याजवळचं मोजमाप टाकून द्यायचं. एप्रिलमध्ये काळी माती तडकलेली असते, सळीला नीट संपर्क मिळत नाही. खड्ड्यात मिठाचं पाणी ओतत नसेल तर थांबवा. एक मोजमाप थर माहीत असलेल्या विहिरीशेजारी घ्यायला लावा, आणि निवडलेल्या जागेवर दोन, दुसरं तार काटकोनात फिरवून. त्या जागेवरची ही दोन्ही जुळली नाहीत तर थर आडवे नाहीत, सरळ समजा. काळ्या पाषाणातली खोलवरची बारीक भेग वरून दिसत नाही, हेही त्याने स्वतःहून सांगायला हवं.

रिपोर्टमध्ये रंगीत चित्र नको. किती फुटांवर कोणता थर, पाणी कुठे अपेक्षित, आणि कोणत्या खोलीनंतर गाडी थांबवायची, एवढं बोअर घेण्याआधी लेखी घ्या. गाडी चालू असताना दर 10 फुटांचा चुरा पोत्यावर वेगळा ओळीने ठेवा आणि कागदाशी ताडा. फेल बोअरचा चुरा बघायला परत येणारा सर्व्हेवाला मिळाला, तर पुढच्या शेतालाही त्यालाच बोलवा.