नेरुळला घरी जायचा समुद्रमार्ग

आमच्या घरी दर मार्चमध्ये लडाखचं बोलणं निघतं आणि मे महिन्यात ते गणपतीपुळ्याला जाऊन टेकतं. यंदा मुलाची बारावी, म्हणून गणपतीपुळेही नाही. त्यात माझी नोकरी म्हणजे जखमेवर मीठ. फोर्टातल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या, म्हणजे माल परदेशी पाठवून देणाऱ्या, ऑफिसात मी 19 वर्षं कागद करते. रॉटरडॅम, जेबेल अली, कोलंबो, मोंबासा ही नावं मला नातेवाइकांच्या गावांसारखी पाठ आहेत. माल सगळा न्हावा शेवा बंदरातून जगभर जातो. मी सीएसएमटीहून नेरुळला जाते.

म्हणून हा अभिप्राय एका प्रवासी सेवेबद्दल : मुंबईतला भाऊचा धक्का ते उरणजवळचं मोरा ही लाँच, आणि तिला जोडून उरण ते नेरुळ ही लोकल. दोन्ही मिळून माझा घरी जायचा लांबचा रस्ता तयार होतो. शंभराच्या नोटेत लाँचचं तिकीट निघालं, वर चहापुरती चिल्लर उरली. लोकलला पास होता तो नेरुळपर्यंतचाच, त्यामुळे उरणहून वेगळं तिकीट काढलं. ते किरकोळ.

ही कल्पना माझी नव्हे, ऑफिसातल्या म्हात्रेकाकांची. ते मोऱ्याचे. हार्बर लाइन बंद पडली की आम्ही सगळे रडतो आणि ते शांतपणे डबा घासून पिशवीत टाकतात आणि लाँचला जातात. एकदा मी म्हटलं, एक दिवस मीही येते. म्हणाले, “या की मॅडम. फक्त भरती बघून या.”

मी भरती न बघता गेले. शनिवार होता, अर्धा दिवस, पण ऑफिसातून निघायलाच साडेचार झाले. डॉकयार्ड रोडला उतरले. रोज दोनदा ज्या स्टेशनवरून जाते तिथे 19 वर्षांत पहिल्यांदा पाय ठेवला. पुढे वीस मिनिटं चालत. धक्क्यावर पोचले तर पाच वाजलेले, आणि मोऱ्याची लाँच बंद. मोऱ्याच्या बाजूला गाळ साचलेला, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. पाणी चढेपर्यंत दोनेक तास थांबा म्हणाले. मी थोडा वेळ बर्फाचे तुकडे होताना बघितले, मासळीचा वास पदराला लावून घेतला आणि उलट चालत लोकलने घरी आले. दोष कुणाचाच नाही, माझाच. त्या दिवशी पौर्णिमा होती हे मला ठाऊक होतं, पण पौर्णिमा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

सोमवारी काकांनी सांगितलं. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ, आणि त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला खडखडीत ओहोटी. अमावास्येलाही तेच. आणि अष्टमीला? आठ पाऊण सहा. संध्याकाळी सहाला भरती. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे एका आठवड्यात चित्र जवळजवळ उलटं होतं. एक शनिवार माणसांचा, पुढचा गाळाचा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मी इतकी वर्षं फक्त एकादशी आणि गॅसची तारीख बघत होते.

तर पुढच्या शनिवारी, वद्य अष्टमीला, चार वाजताच धक्क्यावर हजर.

लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला, त्यांच्यावरून हे नाव. तिथे जाताना चांगली चप्पल घालू नका, ही पहिली सूचना. पायऱ्यांवर शेवाळ, त्यावर पाणी, त्यावर कुणाच्या तरी टोपलीतून गळलेलं आणखी पाणी. आमची लाँच धक्क्याला लागलेली नव्हतीच, तिच्या आणि धक्क्याच्या मध्ये दुसरी लाँच उभी. म्हणजे आधी पहिलीत उतरायचं, तिच्यातून चालत जायचं, मग दुसरीच्या काठावर पाय टाकायचा, आणि दोघी मध्येच एकमेकींपासून हातभर लांब सरकतात. खाली काळं पाणी. माझ्या पुढची बाई डोक्यावर रिकामी टोपली घेऊन, हात न लावता, भाजी मंडईत शिरावं तशी गेली. मी खलाशाचा हात धरला. डोळेही मिटले असतील.

आमची आजी पोयनाडकडची. ती जन्मात लाँचमध्ये बसली नाही. 17 जुलै 1947 रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आजीच्या गावातल्या घरांतली माणसं त्यात होती. लाँचचं नाव काढलं की ती हात जोडायची आणि विषय बदलायची. त्या काठावर पाय टाकताना मला लडाख आठवलं नाही, आजी आठवली. वर टपावर बाकाखाली लाइफ जॅकेटं बांधून ठेवलेली होती, मी पहिल्यांदा ती मोजली आणि मग माणसं.

टपावरच बसा. खाली सावली आहे, पण इंजिनाचा धडधडाट थेट दाढांत शिरतो आणि डिझेलचा वास जात नाही. वर टोपलीवाल्या मावशींनी सरकून जागा दिली, “बाय, हिकरं बस.” बाक लाकडाचा, पाठ टेकायला काही नाही. तासाभराचा प्रश्न आहे, पाठ सहन करते.

धक्का सुटला की लगेच शेजारी क्रॉस आयलंड लागतं. मुंबईत इतकी वर्षं काढून हे बेट आहे हे मला माहीत नव्हतं. मग डाव्या हाताला जवाहर द्वीप, जिथे तेलाची जहाजं लागतात आणि आपल्याला जाता येत नाही. त्याच्या मागे घारापुरी, दोन टेकड्यांची, जानेवारीच्या उन्हात अगदी तांबूस. नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं आम्ही इतक्या जवळून ओलांडली की मागच्या बाजूची नावं वाचता आली. एकाखाली बंदराचं नाव होतं मोनरोव्हिया. माझ्या कागदांवर हे नाव शेकडो वेळा आलंय. ते गंजलेलं, पांढऱ्या अक्षरांतलं, तीन मजली उंचीवर बघून मला अचानक हसू आलं. मावशींना वाटलं मला बोट लागली, त्यांनी आवळासुपारी पुढे केली.

सीगल मागे लागतात. कुणीतरी गाठ्या फेकतं, पक्षी त्या हवेतच उचलतात. हे थंडीतच, उन्हाळ्यात पक्षी निघून जातात. फोटो काढायच्या भरात राहू नका, या भागात नौदलाचा वावर आहे, कुठे मोबाइल बाहेर काढायचा नाही ते लाँचवरची माणसं सांगतात, ऐकावं.

मागे वळून बघितलं तर सूर्य मुंबईच्या पाठीशी गेलेला आणि सगळं शहर नुसतं काळं, कापून चिकटवल्यासारखं. त्याच्यात कुठेतरी माझं ऑफिस. उत्तरेला अटल सेतूची लांब रेघ. 21.8 किलोमीटरचा तो पूल गाडीवाल्यांना वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे सोडतो. दुचाकी, रिक्षा, चालणारी माणसं यांना तिथे प्रवेश नाही. आमच्याकडे गाडी नाही, हे मला त्या क्षणी प्रथमच सोयीचं वाटलं.

मोऱ्याला उतरणं सोपं गेलं, पाणी चढलेलं होतं. धक्क्यावरून पाव किलो सुका जवळा घेतला. नाक्यावरून शेअर रिक्षा थेट उरण स्टेशनला. उरण गावात मी थांबले नाही, अंधार पडत होता. पुढल्या वेळी पीरवाडीचा किनारा बघायचाय.

आता लोकल. खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतची ही गाडी 12 जानेवारी 2024 ला सुरू झाली. गाड्या मोजक्या आहेत, एक चुकली तर बसून राहा, वेळापत्रक बघूनच रिक्षा धरा. पण डबा! शनिवारी संध्याकाळी सातला लेडीज डब्यात मी धरून चार बायका. हार्बर लाइनच्या माणसाला याचं वर्णन करून सांगणं अवघड आहे. मी खिडकीशी बसले, मग उठून समोरच्या खिडकीशी बसले, केवळ बसता येतंय म्हणून.

आणि मग स्टेशन आलं, न्हावा शेवा. 19 वर्षं ज्या शब्दाशिवाय माझा एक दिवस गेला नाही, तो पिवळ्या पाटीवर, ट्यूबलाइटखाली. लांबवर क्रेनचे दिवे. उतरणारं कुणी नव्हतं. गाडी अर्धा मिनिट थांबली असेल. मी दारात जाऊन उभी राहिले आणि परत येऊन बसले.

नेरुळला पोचायला सव्वाआठ. सासूबाईंनी विचारलं, गाडी लेट होती का. हो म्हटलं. जवळ्याचा वास लपला नाही ती गोष्ट वेगळी.

पाचपैकी चार तारे देते, एक गाळाने खाल्ला. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लहान मुलं कडेवर असणाऱ्यांनी आधी एकदा धक्क्यावर जाऊन नुसतं बघून यावं. पावसाळ्यात मी स्वतः जाणार नाही, त्याला आजी कारण आहे.

पुढे एका शनिवारी शुद्ध तृतीया आहे. तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. ऑफिस दोनला सुटतं. नवऱ्याला विचारलंय, तो म्हणतो एवढा वळसा कशाला. म्हात्रेकाका म्हणाले, सव्वातीनची धरू.