सस्पेन्शनचं काम निघालंय : पूर्ण किट घ्यायचं की सुटे भाग जमवायचे?

गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘खट’ असा आवाज येतो, मागचा भाग एकदा डुलून थांबायच्या ऐवजी दोन-तीनदा डुलतो, आणि गॅरेजवाला सांगतो, ‘‘पूर्ण सस्पेन्शनच करून घ्या, किट मिळतं.’’ किट घ्यावं, की शॉकअप एका काउंटरवरून आणि आर्म दुसऱ्या काउंटरवरून आणून काम भागवावं, हा हिशेब गोव्यात थोडा वेगळा लागतो. खाली धरलेली गाडी म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेली नेहमीची हॅचबॅक किंवा छोटी सेडान.

‘किट’ या एका शब्दाखाली दुकानात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे जोडून आलेला स्ट्रट : शॉकअप, स्प्रिंग, वरचं माउंट (स्ट्रट बॉडीला जिथे बसतो ती रबरी बैठक), बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की दणका झेलणारं रबर), सगळं एकत्र बसवलेलं. दुसरी म्हणजे पुढच्या बाजूचं किट : लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात), लिंक रॉड (स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची जोडणी), टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा चाकाकडचा सांधा), बुश (सांध्यांतली रबरं), यात शॉकअप नसतोच. तिसरी म्हणजे थार-जिम्नीवाले घेतात ते गाडी उंच करणारं किट. फोनवर ‘फुल किट’ ऐकून पैसे पाठवले आणि खोक्यात शॉकअपच निघाले नाहीत, असा घोळ यातूनच होतो. भावाआधी यादी मागावी, तीही नगांसह.

यादी कशाशी ताडायची? पुढे शॉकअप, स्प्रिंग, वरचं माउंट, माउंटची बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर, लोअर आर्म, लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे डी-बुश, टाय रॉड एंड, रॅक एंड (टाय रॉडचा आतला सांधा); प्रत्येकी २, म्हणजे २२ नग. मागे शॉकअप, स्प्रिंग, बंप स्टॉप, स्प्रिंगखालची आणि वरची रबरं, अ‍ॅक्सलचे बुश. प्रत्येकी २, म्हणजे १२. एकूण ३४ झाले, आणि लॉकनट वेगळेच. नायलॉनची कडी असलेला लॉकनट एकदा सोडला की पुन्हा वापरायचा नसतो, आणि किटमध्ये नेमका तोच विसरलेला असतो.

किट स्वस्त पडतं हे अर्धंच खरं. त्यातले सगळे भाग एरवीही बदलायचे असतील तरच ते स्वस्त. स्प्रिंग शॉकअपसारखी झिजत नाही. समुद्रापासून आत, फोंडा-साखळीकडच्या गाडीची स्प्रिंग बहुतेकदा शॉकअपच्या दोन जोड्या पाहते. ती चांगली असताना नवी घेणं म्हणजे पैसे टाकणं.

किनाऱ्यावरच्या गाडीचं मात्र तसं नाही. मोरजी, कळंगुट, पाळोळे या पट्ट्यात गाडी रात्रभर खाऱ्या हवेत उभी असते. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा ज्या वाटीत बसतो तिथे वाळू, तांबडी माती आणि पाणी साचून राहतं. रंग आधी तिथेच सोलतो, मग गंजाचे बारीक खळगे पडतात, आणि एके दिवशी तो वेढा सहा-आठ सेंटीमीटरचा तुकडा टाकून मोडतो. गाडी थोडी कलते, एवढंच दिसतं. मोडलेलं टोक टायरला लागलं तर टायर चिरतो. चाक काढून त्या वाटीत टॉर्च मारावी, बोट फिरवावं. खळगे हाताला लागले तर स्प्रिंगही बदलायचीच, आणि मग जोडून आलेला स्ट्रट फायद्याचा ठरू शकतो, कारण स्प्रिंग दाबून शॉकअप सुटा करायची आणि बसवायची मजुरी वाचते.

अशा स्ट्रटची कमजोर जागा म्हणजे वरचं माउंट. नावाजलेल्या कंपनीचा शॉकअप दाखवून हलक्या रबराचं माउंट वर बसवलेलं असतं. ते दबलं की सगळा स्ट्रट पुन्हा खोलावा लागतो. जुनं माउंट तपासायचं तर गाडी उभी ठेवून एकाला स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवायला सांगावं आणि आपण स्प्रिंगवर बाहेरून तळवा टेकवावा, बोटं वेढ्यांत घालू नयेत. स्प्रिंग सलग फिरली तर बेअरिंग ठीक. अडून राहून ‘टण्ण’ करत एकदम सुटली तर बेअरिंग अडकलीय.

सुट्या भागांची बाजू भक्कम आहे ती यासाठी, की जे गेलंय तेच बदलता येतं आणि प्रत्येक भाग त्या-त्या कामात मुरलेल्या कंपनीचा घेता येतो : शॉकअप गॅब्रिएल, मन्रो किंवा केवायबीचे, स्टेअरिंगकडचे सांधे राणेचे, माउंट आणि बुश गाडीच्या कंपनीचेच. रबराच्या वस्तूत कंपनीच्या मालाला सोडून जाऊ नये. फरक काही शेकड्यांचा असतो आणि तो पावसाळ्यात कळतो. एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही शॉकअप मात्र एकाच मेकचे आणि एकाच वेळी बदललेले हवेत. डावा नवा, उजवा जुना असं केलं तर ब्रेक मारताना गाडी सरळ राहत नाही.

सुट्या भागांत चूक होते ती जुळणीची. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढची स्प्रिंग वेगळी; कंपनीतून आलेल्या सीएनजी गाडीची मागची स्प्रिंग बहुधा वेगळी. मॉडेल बदललं त्या वर्षी तर हमखास घोळ. नवी स्विफ्ट ऑगस्ट २०११ मध्ये आली, त्यामुळे ‘स्विफ्ट २०११’ एवढं सांगून भाग मागवला तर दोन पिढ्यांपैकी कुठल्याही पिढीचा येऊ शकतो. आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर काउंटरवर द्यावा आणि पार्ट नंबर लिहून घ्यावा. किटला हा धोका कमी असं वाटतं, पण किटवरही ‘फिट्स २००५ टू २०१७’ असं छापलेलं दिसलं तर जपून.

खरा खर्च होतो तो गाडी लिफ्टवर खोलून ठेवलेली असताना. मारुती-ह्युंदाईचे चालू भाग म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या काउंटरवर त्याच दिवशी मिळतात, तेव्हा एखादा बुश राहून गेला तरी संध्याकाळपर्यंत काम उरकतं. पण फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करायचा निर्णय २०२१ मध्ये घेतला, शेवरलेची इथली विक्री २०१७ अखेर थांबली. अशा गाड्यांचा, किंवा स्कोडा-फोक्सवॅगनचा, एखादा भाग मुंबईहून किंवा बेळगावहून यायचा असतो. बेळगावच्या वाटेवर चोर्ला घाटात दरड आली की तोही अडकतो. शंभर-दीडशेच्या बोल्टसाठी गाडी तीन दिवस गॅरेजात आणि घरी चतुर्थीचे पाहुणे, अशी गत होते. या गाड्यांना यादी पडताळलेलं किट आधी आणून ठेवलेलं बरं. काळ्या पाटीची भाड्याची गाडी चालवणाऱ्यांचंही तसंच : गाडी उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं गेलं, मग दोन चांगले भाग जास्तीचे बदलले तरी परवडतं.

लोअर आर्मचा वाद वेगळा आहे. पूर्ण आर्म की फक्त बुश? लहान गाड्यांत बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा) बहुधा आर्ममध्येच बसवलेला असतो. बुश नवे घातले आणि बॉल जॉइंट सहा महिन्यांनी ढिला झाला, तर मजुरी पुन्हा. उलट बाजूही आहे : मूळ आर्मचा पत्रा जाड असतो, बॉल जॉइंट घट्ट असेल तर कंपनीचे बुश प्रेसने बसवलेला मूळ आर्म बाजारातल्या हलक्या नव्या आर्मपेक्षा चांगला. अट एकच, हायड्रॉलिक प्रेस हवा. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बुशची बाहेरची नळी चेपते, रबरातल्या खाचांची दिशा चुकते आणि तो लवकर फाटतो.

किट असो वा सुटे भाग, बसवताना हातून तेच चुकतं. आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असतानाच पूर्ण आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट आधी हलके लावावेत, चाकं जमिनीवर टेकल्यावर गाडीच्या वजनाखाली टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. आडवा पडून आलेला ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडावा, नाहीतर आत हवा राहून पहिल्या दिवसापासून ‘टक-टक’ करतो. शॉकअपच्या दांडीला पक्कड लावली की चरा पडतो, चऱ्याने सील कापतं, तेल गळतं. दोष मग शॉकअपवर जातो. वॉरंटीही सहसा शॉकअपपुरतीच असते, मजुरी त्यात येत नाही. सुटे भाग चार दुकानांतले असले की एक काउंटर दुसऱ्याकडे बोट दाखवतो. किटला निदान बिल एकच असतं.

जुनं कोटेशन हाताशी असेल तर कर बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. गाडी उंच करणाऱ्या किटबद्दल इतकंच, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी ते आधी बघते.

एकंदरीत ८०,००० किलोमीटरच्या आतली, आतल्या भागात फिरणारी मारुती-ह्युंदाई असेल तर सुटेच भाग घ्यावेत. मात्र शॉकअपसोबत माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर त्याच दिवशी, कारण मजुरी तीच लागते. किनाऱ्यावरची आठ-दहा वर्षांची गाडी, स्प्रिंगला गंज आणि पुढचे आर्मही हललेले, तर किटचा भाव जरूर काढावा, यादी ३४ नगांशी लावून. बंद पडलेल्या कंपनीची गाडी असेल तर किटच, मिळतंय तोवर.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, एकदाच. ढिल्या टाय रॉडवर केलेलं अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात जातं. या गाड्यांत बहुधा टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) तेवढाच बदलता येतो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरपेपणा) चुकीचा आला तर वाकलेला भाग शोधायचा. ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत. वेळ निवडता येत असेल तर काम ऑक्टोबरात काढावं, पावसातले खड्डे तोवर जुन्याच भागांना खाऊ द्यावेत. बॉल जॉइंट हलत असेल तर मात्र ऑक्टोबरची वाट बघायची नाही. तो सुटला की चाक आडवं होतं.