पॉलिहाऊसमधला तापमान-आर्द्रता कंट्रोलर : १० महिन्यांच्या वापरानंतर

मावळात माझं १० गुंठ्यांचं जरबेराचं पॉलिहाऊस आहे. हवा गार करणारे पंखे आणि ओले पॅड नाहीत. बाजूचे पडदे, वर टॉप व्हेंट (छतातली उघडझाप करायची खिडकी) आणि आत सावलीची जाळी, म्हणजे शेडनेट, एवढ्यावरच हवा सांभाळायची. फेब्रुवारीत तापमान-आर्द्रता दाखवणारा आणि फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे फवारे) आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर घेतला. पंप आणि फॉगर जुनेच होते. उन्हाळा, पावसाळा आणि थंडीची सुरुवात त्याच्यासोबत काढली, आता नीट सांगता येईल.

आधी सेन्सरच्या जागेबद्दल. बसवायला आलेल्या मुलाने तो दाराजवळच्या खांबाला, उघड्या उन्हात टांगला. एप्रिलमध्ये भर दुपारी स्क्रीनवर ४४ अंश आणि फॉगर सारखे सुरू! शेजारीच सावलीत साधा तापमापक धरला, तर ३८. सेन्सर हवेचं तापमान सांगतच नव्हता, स्वतःच्या तापलेल्या डबीचं सांगत होता. मग ४ इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घेतला, बाहेरून पांढरा रंगवला आणि एका तोंडाला हवा ओढणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवला, कॉम्प्युटरमध्ये असतो तसा. आत सेन्सर. हा पाइप मधल्या बेडवर फुलांच्या उंचीला टांगला. तेव्हापासून दोन्ही आकडे अंशभराच्या फरकाने जुळतात.

आर्द्रतेचा आकडा तपासायला घरचं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंबथेंब पाणी घालायचं. मीठ ओलं व्हावं, पण विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात घालून रात्रभर घरात ठेवायचं. वायर जिथून आत जाते ती फट टेपने बंद करायची. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. माझा ६८ दाखवत होता. सेटिंगमध्ये ७ वाढवता आले, ही या यंत्रातली मला सर्वांत आवडलेली सोय. नवीन यंत्र घेताना ती आहे का, हे आधी विचारा.

उन्हाळ्यात पैसे वसूल झाले. ३४ अंशांच्या वर आणि ५५ टक्क्यांच्या खाली, दोन्ही अटी जुळल्या तरच फॉगर ४० सेकंद चालतो, मग ८ मिनिटं थांबतो. पाणी हवेतच उडून गेलं पाहिजे, गारवा त्यातूनच येतो. पानावर पडलं तर रोगाला आमंत्रण. आणि हे सगळं पडदे, व्हेंट उघडे असतील तरच. बंद पॉलिहाऊसमध्ये हवा थोड्याच वेळात ओलीचिंब होते, मग कितीही फवारा मारा, तापमान उतरत नाही. शेडनेट ११ ते साडेतीन ओढून हे केलं, तेव्हा आतलं तापमान ५-६ अंशांनी खाली राहिलं. लाल कोळी ही कीडही यंदा कमी आली. कोरड्या गरम हवेत ती फार माजते. पंप बंद झाल्यावर काही फॉगर ठिबकत होते, त्यांचे ठिबकरोधक व्हॉल्व्ह बदलून घेतले.

पावसाळ्यात कंट्रोलरला काम नव्हतं. फॉगर बंद, ड्रीप फक्त सकाळी, पावसाची झड नसेल तेव्हा पडदे उघडे.

खरी शिकवण मिळाली नोव्हेंबरात. थंडी पडली म्हणून मी संध्याकाळी पडदे लावायचो ते सकाळी साडेनऊला उघडायचो. एके दिवशी तोडणीला आलेल्या मावशी म्हणाल्या, "दादा, जरा इकडं बघा, फुलाच्या मधोमध पाणी बसलंय." पाऊस नाही, फॉगर नाही, आणि पाकळ्यांच्या बुडाशी बारीक थेंब. आठवड्याभरात तिथेच तपकिरी ठिपके आणि वर करडी बुरशी. रात्रीच्या नोंदी काढल्या. पहाटे ३ पासून ९८-९९ टक्के. सूर्य वर आला की हवा लवकर तापते, झाडं आणि माती ओल सोडू लागतात, पण फूल अजून गारच असतं. मग ती वाफ फुलावर पाणी होऊन बसते.

आता उजाडायच्या थोडं आधी टॉप व्हेंट आणि बाजूचे पडदे वीतभर उघडतो. बाहेर १२ अंश असताना पडदे उघडायला सुरुवातीला धीर होईना. पण हिशेब सोपा आहे. बाहेरची १२ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास येते, कारण गार हवेत मुळात पाणीच कमी असतं. अर्ध्या-पाऊण तासात फुलं कोरडी होतात. दोन आठवड्यांत ठिपक्यांची फुलं जवळजवळ थांबली. बुरशीनाशकाची एक फवारणी वाचली. पडदे मात्र हातानेच फिरवावे लागतात, हा कंट्रोलर ते करत नाही.

तक्रारी दोन. वीज गेली की घड्याळ शून्यावर जातं आणि वेळा पुन्हा भराव्या लागतात. आमच्याकडे थ्री-फेज पाळीने येते, त्यामुळे हे रोजचंच. विक्रेत्याने आतली बॅटरी बदलायला १९ दिवस लावले, शेवटी मीच गावातल्या घड्याळवाल्याकडून बसवून घेतली. दुसरी, १० गुंठ्यांना एक सेन्सर कमी पडतो. पश्चिमेच्या टोकाला, छताच्या पन्हाळीखाली, ओल जास्त वेळ राहते आणि ती मधल्या सेन्सरला कळत नाही. तिथे दुसरा लावतोय, मिठाची परीक्षा घेऊनच.