जुन्या मर्सिडीजच्या लाकडाला जोडीचा पीस करून घेतला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मिस्त्रींचं नाव इथे टाकणार नाहीये. त्यांनी स्वतःच सांगितलं, "साहेब नाव नका टाकू, लोक फोटो पाठवतात, भाव विचारतात आणि येत कोणी नाही." पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला छोटं वर्कशॉप आहे, बोर्ड नाही, मूळ धंदा फर्निचर पॉलिशचा, पण जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या कोणालाही विचारलं तर पत्ता मिळेल. रेटिंग द्यायचंच तर पाचात साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

गाडी १९९६ची मर्सिडीज ई २२०, डब्ल्यू १२४ बॉडी, म्हणजे ई-क्लासचं त्या काळचं मॉडेल. मर्सिडीजने १९९५ला पिंपरीत टेल्कोच्या (पुढे जी टाटा मोटर्स झाली तिच्या) आवारात जी जोडायला घेतली तीच ही, त्यामुळे आमच्याकडे कोणी तिला इंपोर्टेड म्हटलं की वडील चिडतात. आत जे लाकूड आहे ते झेब्रानो, म्हणजे फिक्या सोनेरी अंगावर काळपट तपकिरी रेघा, मूळ पश्चिम आफ्रिकेतलं झाड, कॅमेरून-गॅबॉन वगैरे भागातलं. गिअरभोवतीची फ्रेम, तिच्यापुढे अॅशट्रेचं झाकण आणि दारांवरच्या पट्ट्या. लाकूड खरं आहे पण ते म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण मिलीमीटरचं विनियर, म्हणजे बेसवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि त्याच्यावर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक पॉलिशचा जाड चकचकीत थर. गाडी उन्हात उभी राहिली की काचेतून ऊन बरोबर गिअरच्या फ्रेमवर येतं, आतला डॅशबोर्ड मे महिन्यात सत्तर डिग्रीच्या वर सहज जातो, मग लॅकरला बारीक तडे, तड्यातून ओल, आणि मग विनियर कडेने सुटायला लागतं. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना हे सांगायला नको. माझ्या झाकणाचं फक्त लॅकर गेलं होतं, फ्रेमचं मात्र विनियरच उठलं होतं, तिच्यातच बसणाऱ्या पॉवर विंडोच्या बटणांपाशी तर तुकडाच उडालेला. दारांच्या पट्ट्या बऱ्यापैकी ठणठणीत.

मिस्त्रींकडे जायच्या आधी बाकीचे रस्ते बघून झाले होते. अॅक्सेसरीजच्या एका दुकानाने "वुडन फिनिश करून देतो, अर्ध्या तासात" म्हणून स्टिकरचा रोल दाखवला, तो विषय तिथेच संपला. दुसऱ्या एकाने हायड्रो डिपिंग सुचवलं, म्हणजे पाण्यावर छापील फिल्म सोडून त्यात पार्ट बुडवायचा. ते काम प्लास्टिकवर चांगलं होतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक सेडानमध्ये जे "लाकूड" दिसतं ते तसंही प्लास्टिकवर छापलेलं चित्रच असतं, तिथे ते चालून जातं. पण शेजारी दारावर खरं झेब्रानो आणि मधे छापील, हे रोज बघायचं म्हणजे शिक्षा. मुंबईत कुर्ल्याला भंगारात फ्रेम मिळते, मिळाली पण, पण तिला माझ्याइतकेच तडे.

आता मुद्द्याचं. मिस्त्रींनी फ्रेम हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो लाकडाचा नव्हताच. "पूर्ण सेट करायचाय का जुन्याला जोडी लावायचीय?" पूर्ण सेट असेल तर काम सोपं, सगळं नवीन, सगळं एका रंगाचं. जोडी लावायची असेल तर अवघड आणि महाग. मी म्हटलं जोडी, दारांना हात लावायचा नाही. तर म्हणाले, "मग साहेब, लाकूड मी जुळवून देईन, पण तीस वर्षांचं ऊन कुठून आणू?" मला वाटलं आता नाही म्हणतील. पण नाही, म्हणाले दाराची एक पट्टी काढून आणा, तिच्याशिवाय मी रंगाला हात लावणार नाही. फोटो दाखवला तर बघितलासुद्धा नाही.

विनियर निवडताना मी सोबत होतो आणि खरं सांगायचं तर अर्धे पैसे तिथेच वसूल झाले. मार्केटमध्ये झेब्रानो मागितलं की आधी रिकॉन विनियर पुढे करतात. म्हणजे स्वस्त, फिकं, भराभर वाढणारं लाकूड घ्यायचं, त्याचे पातळ थर रंगवायचे, एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा आणि तो पुन्हा आडवा-तिरका कापायचा, की रेघा तयार. मोठ्या वॉर्डरोबला छान दिसतं, पण रेघा शाळेच्या दुरेघी वहीसारख्या, एकाला दुसरी समांतर. खऱ्या झेब्रानोत रेघ मधेच जाड होते, कुठे दोन रेघा जवळ येतात, कुठे थोडी लाट येते. मिस्त्रींनी नॅचरल विनियरचे पत्रे (पातळ लाकडी शीट) काढायला लावले, प्रत्येकावर दाराची पट्टी आडवी ठेवून दोन रेघांमधलं अंतर बघत होते, रंगाकडे ढुंकूनही नाही. मी विचारलं तर म्हणाले रंग माझ्या हातात आहे, रेघ झाडाच्या. दुकानदार कंटाळला, चहा मागवला, तरी यांचं चालूच.

मग काम. जुनं लॅकर आणि उरलंसुरलं विनियर हीट गनने हळूहळू तापवून पातळ पात्याने काढलं. इथे घाई केली तर खालचा बेस वाकतो आणि मग फ्रेम कन्सोलमध्ये बसतच नाही. झाकणाचं विनियर मूळचंच ठेवलं, फक्त वरचं लॅकर काढलं, ते पण घासून नाही, कारण अर्ध्या मिलीमीटरच्या विनियरवर पॉलिश पेपर जरा जोरात मारला की खालचा बेस दिसायला लागतो. फ्रेमसाठीच्या पत्र्याला पाणी आणि ग्लिसरीनचा हात देऊन दाबून ठेवलं, झेब्रानो ठिसूळ असतं, कोरडं वाकवलं तर रेघेवरच चिरतं. आणि एक गंमत, कापताना ह्या लाकडाला चक्क घाण वास येतो. इतकं देखणं लाकूड आणि वर्कशॉपमध्ये नाक धरून उभं राहायची वेळ. लॅकर बसल्यावर वास जातो, काळजी नको.

चिकटवायला इपॉक्सी. हे मुद्दाम लिहितोय कारण बरेच सुतार सनमायकाचं रबर सोल्युशन लावून मोकळे होतात, घरात ते चालतं, गाडीत उन्हाने मऊ पडलं की कडा वर येतात आणि मग लोक म्हणतात विनियर खराब निघालं.

रंगाचं काम बघण्यासारखं. नवीन झेब्रानो पुसट, जवळजवळ हिरवट फिकं दिसतं, जुन्या पट्टीशेजारी तर आजारी वाटत होतं. जुना पिवळेपणा अर्धा लाकडाचा आणि अर्धा म्हाताऱ्या लॅकरचा असतो, त्यामुळे लाकडात मुरणारा रंग, म्हणजे स्टेन, नुसता मारून जुळत नाही. स्टेनने रेघांमधली फिकी जागा गडद होते आणि रेघ उठून दिसायची बंद होते. म्हणून यांनी लाकडावर अगदी हलका हात दिला आणि बाकीचा अंबर रंग लॅकरच्या पहिल्या कोटांमध्ये थेंब-थेंब घालून आणला. त्याच पत्र्याच्या कापट्यांवर आधी सँपल केले, प्रत्येकावर पेन्सिलने काहीतरी खूण, आणि बघायला बाहेर रस्त्यावर. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फितूर होतो, हे मी समोर पाहिलं, आतमध्ये जो तुकडा मला परफेक्ट वाटला होता तो बाहेर सरळ सरळ लालसर निघाला. शेवटी जो पास झाला तो आत थोडा मळकट वाटत होता.

तिथेच एका जुन्या जॅग्वारचा डॅश पडला होता, अक्रोडाच्या गाठीचं लाकूड, ज्याला बर्ल म्हणतात ते. त्यात लागोपाठचे दोन पत्रे पुस्तकाची पानं उघडावी तसे उघडून मधे जोड देतात, म्हणजे डाव्या बाजूची नक्षी उजवीकडे आरशात दिसते तशी येते. ते करायचं तर एकाच गाठीचे सलग पत्रे लागतात, एक फाटला की सगळा डाव गेला. आणि अक्रोड उन्हात बहुतेक लाकडांच्या उलट वागतो, गडद व्हायच्या ऐवजी फिका पडतो. त्यामुळे तिथे रंग चढवायचा नाही तर उतरवायचा. मिस्त्री म्हणाले त्याला हात लावायला मलाही भीती वाटते. बर्लवाल्यांनी खिसा आणि वेळ दोन्ही जास्त धरावं.

वरचं फिनिश दोन कंपोनंटचं पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन लॅकर, यूव्ही प्रोटेक्शनवालं. फर्निचरवर मारतात ते मेलामाइन पॉलिश नको हे मी सांगायच्या आधी तेच म्हणाले. बरेच कोट, प्रत्येक कोटानंतर वाळवून घासणं, शेवटी दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजवून आणि मग बफिंग. चकाकी दाराच्या पट्टीपेक्षा जास्त झाली होती, ती त्यांनी मुद्दाम थोडी मारली. जुनी चकाकी वेगळी असते हो, आणि ती जुळली नाही तर रंग जुळूनही पीस नवा दिसतो.

आता अर्धा पॉइंट. एक तर तारीख. दिलेली तारीख ही सूचना समजा, तितके दिवस गाडी गिअरभोवती उघड्या वायरी घेऊन फिरत होती. दुसरं, पॉवर विंडोच्या बटणांची भोकं. लॅकरचे कोट कडेवरून आत उतरतात आणि भोक तेवढं लहान होतं. पहिल्यांदा बसवायला गेलो तर एक बटण आत गेलं आणि बाहेर यायचं नाव घेईना, काच अर्धी खाली. कानशीने कडा साफ करून दिल्या लगेच, हसत हसत दिल्या, पण स्विच आधी मागवून घेऊन बसवून बघितला असता तर? झाकणावर एका कोपऱ्यात धुळीची बारीक कणी लॅकरखाली अडकलीये, मला माहितीये म्हणून दिसते, बाकी कोणाला अजून दिसली नाही. आणि एक गोष्ट मनापासून खटकली, स्प्रे मारणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून मारत होता. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला वाईट, कार्ट्रिजवाला मास्क पाहिजेच. मी बोललो, मान डोलावली, तुम्ही गेलात तर तुम्हीपण बोला.

पैसे, फ्रेम आणि झाकण मिळून ₹९,५००, विनियरचा पत्रा वेगळा आणि तो अख्खाच घ्यावा लागतो, उरलेला मी जपून ठेवलाय. दोन पीससाठी हे जास्त वाटत असेल तर ते तसं आहेच. गाडीत मुळात छापील प्लास्टिक असेल तर हे करू नका, स्वस्तात हायड्रो डिप करा आणि खूश राहा. पण खरं विनियर असेल आणि बाकीचे पीस चांगले असतील तर करा. काल रात्री मित्र बाजूला बसला होता, त्याला सांगितलं यातला नवीन पीस कुठला ओळख, त्याने दाराकडे बोट दाखवलं.

जायचं तर पावसाळा सोडून. जुलै-ऑगस्टमध्ये ते लॅकरचं काम घेतच नाहीत, दमट हवेत पीयूला फोड येतात, आणि दसरा-दिवाळीला फर्निचरची गर्दी असते त्यामुळे फोन उचलत नाहीत. जीपे चालतं. पार्ट स्वतः काढून न्या, कन्सोल उघडायचं काम ते करत नाहीत, आणि जुळवायचा जुना पीस सोबत पाहिजेच. आता दारांच्या पट्ट्यांचं लॅकर कधीतरी जाणार हे उघड आहे, पण त्यांना नवीन लॅकर मारलं की त्यांचा पिवळेपणा जाणार आणि आत्ता केलेली फ्रेम वेगळी पडणार, तेव्हा ती पण परत आणावी लागेल, हे मिस्त्रींनी पैसे घेतानाच सांगून ठेवलंय, आणि त्या वेळी डिस्काउंट मिळणार नाही हेही.